इटलीतल्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीला गेल्यावर विवर पाहून परतावं, की तिथली जुनी वेधशाळाही पाहावी?

वेधशाळा नक्की पाहा. माझ्या मते तीच जास्त लक्षात राहते.

विवराची चढण सोपी आहे. गाडी सुमारे 1000 मीटर उंचीपर्यंत जाते, पुढे राखेच्या भुसभुशीत वाटेने चालायचं. तिकीट आधीच ऑनलाइन काढून ठेवा, बूट चांगले घाला. 1944 नंतर उद्रेक झालेला नाही, त्यामुळे लाव्हा दिसणार नाही. पण विवराच्या कडांमधून वाफ निघताना दिसते. डोंगर जिवंतच आहे.

वेधशाळा 1841 साली स्थापन झाली. ज्वालामुखीवर नजर ठेवण्यासाठी उभारलेली ही जगातली सर्वांत जुनी वेधशाळा. साधारण 600 मीटरवरच्या एका टेकाडावर ती बांधली, म्हणून लाव्हाचे लोट बाजूने वाहत गेले आणि इमारत वाचली. इथेच भौतिकशास्त्रज्ञ लुइजी पाल्मिएरी यांनी 1856 मध्ये विद्युतचुंबकीय भूकंपमापक तयार केला. पारा, तारा आणि घड्याळ यांच्या जुळणीतून धक्क्याची वेळ नोंदवणारं ते यंत्र बघताना मी तरी थक्क होतो. 1872 च्या उद्रेकात चहूकडे लाव्हा असतानाही पाल्मिएरी तिथेच थांबून नोंदी घेत राहिले!

आज प्रत्यक्ष देखरेख नेपल्स शहरातल्या केंद्रातून चालते. जुन्या इमारतीत संग्रहालय आहे. ते रोज सर्वांसाठी उघडं असेलच असं धरू नका, आधी चौकशी करून वेळ ठरवा.