ऑर्कच्या सुरकुत्या कुठे गेल्या?

प्रश्न: थ्रीडी प्रिंट केलेली रेझिनची ऑर्कची (कल्पित कथांमधल्या राक्षसाची) छोटी मूर्ती रंगवतोय, उंची दीड इंचाच्या आसपास. ॲक्रिलिकचे दोन हात दिले तर दात, सुरकुत्या सगळं बुजलं, वर वॉश (खाचांमध्ये उतरणारा पातळ, गडद रंग) मारला तर गालावर कडा उमटलेले डाग पडले. महागडा ब्रश घेऊ का? (एक वाचक, पुणे)

उत्तर: ब्रश राहू दे सध्या, रंग जाड लागलाय. बाटलीतला रंग थेट मूर्तीवर कधीच लावायचा नाही, आधी पॅलेटवर काढा, थेंबाला थेंब पाणी घालून सुरुवात करा आणि पातळ ताकासारखा झाला की अंगठ्याच्या नखावर एक रेघ ओढून बघा, रेघ जागेवर राहिली तर ठीक, कडेला धावली तर पाणी जास्त झालंय. पहिला हात पारदर्शक, ठिगळं ठिगळं दिसणार, घाबरू नका, तो पूर्ण वाळू द्या आणि मग दुसरा द्या, लागला तर तिसरा. पॅलेटवरचा रंग सारखा वाळत असेल तर चपट्या डब्यात ओला स्पंज आणि त्यावर बेकिंगचा बटर पेपर, झालं वेट पॅलेट. मेणाचा कागद नको, त्यातून पाणी वर येत नाही.

आता खरी गोष्ट. एवढ्याशा चेहऱ्यावर खोलीतल्या उजेडाची सावली पुरेशी पडतच नाही, ती आपल्याला रंगवावी लागते, वॉश त्यासाठीच आहे. म्हणून आधी अख्ख्या मूर्तीला काळा प्रायमर (रंग नीट धरावा म्हणून खाली द्यायचा पहिला थर) द्या, मग फक्त वरून, तिरका, पांढरा किंवा फिका राखाडी मारा. याला झेनिथल म्हणतात. रंग चढवायच्या आधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा, उजेड कुठे आणि अंधार कुठे हे पुढे सतत बघायला लागतं. वॉश सगळीकडे ओतू नका, एकेक भाग घ्या, आणि जिथे तळं साचेल तिथलं स्वच्छ, किंचित ओल्या ब्रशने लगेच टिपून घ्या. अर्धवट वाळलेल्या वॉशला हात लावला की हमखास डाग पडतो, तुमच्या गालावर बहुतेक हेच झालंय.

वॉश वाळला की भुवया, नाकाचा शेंडा, गालाचं हाड, खालचा ओठ यांवर मूळ हिरवा परत आणा आणि मग त्यातच थोडा पिवळा किंवा हाडाचा रंग मिसळून अजून लहान जागेवर लावा. नुसता पांढरा मिसळला की कातडी खडूसारखी दिसते. ड्रायब्रश, म्हणजे जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवर फिरवणं, फर, दगड, साखळीचं चिलखत यांना मस्त, चेहऱ्यावर मात्र मला अजिबात आवडत नाही, भुकटी उडाल्यासारखं दिसतं.

हा ऑर्क टाकून देऊ नका! आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये थोडाच वेळ ठेवा, मऊ टूथब्रशने घासा, रंग निघतो. जास्त वेळ बुडवलं तर रेझिन ठिसूळ होऊ शकतं. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा.

प्रश्न: मॅट वार्निशचा स्प्रे मारला आणि अख्खी मूर्ती पांढरट झाली. (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर: जुलैत कोकणात स्प्रे म्हणजे हे होणारच, हवेतला दमटपणा वार्निशमध्ये अडकतो. वर ब्रशने ग्लॉस वार्निशचा पातळ हात द्या, बऱ्याचदा पांढरेपणा जातो, मग ब्रशनेच मॅट लावा. पावसाळाभर प्रायमरसुद्धा ब्रशचाच वापरा आणि स्प्रे मारायचाच असेल तर आधी एखाद्या फालतू तुकड्यावर मारून बघा.