बारावीनंतर थेट एनएसडी?

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे. कॉलेजच्या एकांकिकेची प्रकाशयोजना तिने केली, तेव्हापासून नाटक-सिनेमाच शिकायचं म्हणते. दिल्लीचं नाटकाचं राष्ट्रीय विद्यापीठ किंवा पुण्याचं सिनेमा शिकवणारं एफटीआयआय इथे बारावीवर प्रवेश मिळेल का? पुढे पोटापाण्याचं काय? – एक आई, मिरज

ताई, नाही मिळणार. दोन्हीकडच्या मुख्य अभ्यासक्रमांना आधी पदवी लागते, बहुतेक ठिकाणी कुठल्याही शाखेची. आणि एनएसडी, म्हणजे दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय, हे विद्यापीठ नाही. २००५ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला होता, तो २०११ मध्ये संस्थेच्याच विनंतीवरून काढून घेतला गेला. तिथे तीन वर्षांनी हाती येते ती पदविका. म्हणून पदवीची वर्षं वाया जातील असं समजू नका.

उलट तीच वर्षं महत्त्वाची आहेत. एनएसडीला अर्ज करताना नाटकांत काम केल्याचा अनुभव दाखवावा लागतो, आणि देशभरातून जेमतेम तीसेक जण निवडले जातात. पुण्यात विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नाट्यशास्त्राची पदवी आहे. पण झेपेल ती पदवी घेऊन सांगली-मिरजेत राहिली तरी चालेल; तिथे नाटकवाल्यांची वानवा नाही. राज्य नाट्य स्पर्धेच्या एखाद्या संघात बॅकस्टेजला जाऊ द्या, डिमर, म्हणजे दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणारं यंत्र, हाताळू द्या. सोलापूरचे अभिनेते अतुल कुलकर्णीही इंजिनिअरिंग सोडून, इंग्रजी साहित्यात पदवी घेऊन, गावातल्या संस्थेत नाटकं करूनच एनएसडीला गेले.

तुमच्या पत्रात अभिनयाचा उल्लेखच नाही, हे मला फार आवडलं. प्रकाशात रमणाऱ्या मुलीला दोन्ही दारं उघडी आहेत : एनएसडीत नेपथ्य-प्रकाशाकडे वळता येतं, एफटीआयआयमध्ये सिनेमॅटोग्राफी. पण उजेड तिला प्रेक्षागृहात बसून बघायचाय की कॅमेऱ्यातून? हे तिलाच विचारा, घाई न करता. एनएसडीसाठी हिंदी-इंग्रजीत बोलता यायला हवं, तेही आत्तापासून.

पैशांचं स्पष्ट सांगते. एनएसडी निवासी आहे, विद्यार्थ्यांना दरमहा शिष्यवृत्ती मिळते. त्यानंतर मात्र कॅम्पस प्लेसमेंट नाही. नाटकात ‘नाइट’वर, म्हणजे प्रयोगागणिक पैसे, सिनेमात आधी असिस्टंटगिरी, सुरुवातीची काही वर्षं मिळकत अनियमितच असते. तेवढा काळ घरून आधार देता येईल का, याचा हिशेब तुम्ही दोघांनी आधी मांडा.

केलेल्या एकांकिकेचा लाइट प्लॉट (कुठला दिवा कुठे, याचा आराखडा), फोटो, प्रमाणपत्र तिने आजच एका फाइलला लावावं. मुलाखतीत नेमकं हेच विचारतात : हा दिवा इथेच का लावलास?