वाचकांचे प्रश्न : जेलवरच्या तीन पट्ट्या आणि मलेरियाचे औषध

प्रश्न : फाल्सिपेरम मलेरियाच्या, फिल्टर पेपरवर घेतलेल्या रक्ताच्या नमुन्यांत क्लोरोक्विन या औषधाला प्रतिकाराची खूण, म्हणजे परजीवीच्या पीएफसीआरटी जनुकातला ७६व्या जागेचा के७६टी बदल, आम्ही तपासतो. पीसीआरने जनुकाच्या त्या तुकड्याच्या भरपूर प्रती काढतो, डीएनए ठरावीक जागी कापणाऱ्या अपो-१ एन्झाइमने त्या कापतो आणि तुकडे जेलवर लांबीनुसार पट्ट्यांत वेगळे करतो. यंदाच्या पावसाळ्यात बऱ्याच नमुन्यांत तीन पट्ट्या आल्या. सगळे मिश्र संसर्ग, म्हणजे एकाच रुग्णात परजीवीचे दोन वाण, धरायचे का?
– प्रयोगशाळा तंत्रज्ञ, हडपसर, पुणे

उत्तर : इतक्यात नको. रक्तातल्या परजीवीत गुणसूत्रांचा एकच संच असतो, त्यामुळे एका वाणात या जनुकाचे एकच रूप सापडते. ७६व्या जागी डीएनएची अक्षरे एएए (संवेदनशील रूप) असतील, तर अपो-१ १४५ बेसजोड्यांचा तुकडा कापून ९८ आणि ४७ असे दोन करते. एएएचे एसीए (प्रतिकारक रूप) झाले की कापायची जागाच मोडते आणि १४५ अखंड राहतो. तिन्ही पट्ट्या दोन वाण एकत्र असले तरी दिसतात आणि कापणी अर्धवट राहिली तरीही. दुसऱ्या प्रकारात संवेदनशील परजीवीच्या नावापुढे प्रतिकाराची नोंद पडते, आणि अशा नोंदींवरच पुढे जिल्ह्याचा नकाशा रंगतो.

म्हणून कापणीच्या प्रत्येक खेपेत, एन्झाइमच्या त्याच मिश्रणातून, नियंत्रण म्हणून संवेदनशील थ्रीडी७ आणि प्रतिकारक डीडी२ या वाणांचे पीसीआर-उत्पादनही कापायला ठेवा. थ्रीडी७च्या रांगेत १४५ची पुसट रेघ उरली, तरी अख्खी खेप बाद करून पुन्हा कापा. साध्या अपो-१ला ५० अंश लागतात, त्याच्या ‘एचएफ’ नावाच्या प्रकाराला ३७. बाटली बदलली की हे हमखास चुकते. २० मायक्रोलिटरमध्ये एन्झाइम २ मायक्रोलिटरपेक्षा जास्त घालू नका, एन्झाइमसोबत येणारे ग्लिसरॉल वाढते आणि एन्झाइम भलतीकडेच कापू लागते. ४७ची पट्टी ३ टक्के जेलवरही फिकी असते, तिच्यावर निर्णय सोडू नका.

नियंत्रण स्वच्छ असूनही तीन पट्ट्या आल्या, तर कागदावरचे रक्ताचे ठिपके कापायचा पंच तपासा. एका ठिपक्याचे रक्त त्याच्या धारेला लागून पुढच्या नमुन्यात जाते. दोन नमुन्यांमध्ये कोरा फिल्टर पेपर काही वेळा पंच करा आणि त्यातला एक कोरा तुकडा पीसीआरमध्येही चालवा. दमट हवेने कापणी बिघडत नाही, डीएनए बिघडतो. ठिपके सपाट, कशालाही न टेकवता रात्रभर वाळवा. उन्हात किंवा हेअर ड्रायरने नको. मग प्रत्येक कागद सिलिका जेलसह वेगळ्या झिपच्या पिशवीत ठेवा. रक्त गोठू न देणाऱ्या हेपारिनच्या नळीतले रक्त घेऊ नका, हेपारिन पीसीआर अडवते, त्याच कामाचे ईडीटीए चालते.

प्रश्न : अहवालात के७६टी आले, तर रुग्णाचे औषध बदलावे का?
– एक डॉक्टर, कोथरूड

उत्तर : नाही. फाल्सिपेरमला आपल्याकडे आर्टेमिसिनिनवर आधारित जोडऔषध दिले जाते, क्लोरोक्विन नव्हे. आर्टेमिसिनिनसाठी केल्च१३ जनुक बघतात, सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामाइन या औषधासाठी डीएचपीएस आणि डीएचएफआर ही जनुके. तीही पाळत समूहावर ठेवण्यासाठी आहे, एका रुग्णासाठी नाही. औषध लागू पडते की नाही, हे रुग्णांचा किमान २८ दिवस पाठपुरावा केल्यावरच ठरते. पीएफसीआरटी तरीही मोजत राहावे. मलावीत १९९३ मध्ये क्लोरोक्विन थांबवले आणि के७६टीचे प्रमाण १९९२ मधल्या ८५ टक्क्यांवरून २००० पर्यंत १३ टक्क्यांवर आले. व्हायवॅक्स या दुसऱ्या प्रकारच्या मलेरियाला मात्र हे लावू नका. तिथे क्लोरोक्विन-प्रतिकाराची भरवशाची खूण अजून हाती नाही, आणि यकृतात दडलेल्या परजीवींमुळे आजार उलटतो, तो औषधाचा पराभव असेलच असे नाही.