अमेरिका एवढी युद्धं करते, मग व्हिएतनामच्या वेळेसारखी आंदोलनं आता का दिसत नाहीत?

मला विचाराल तर सगळ्यात मोठं कारण म्हणजे ड्राफ्ट, म्हणजे सक्तीची लष्करभरती, ती 1973 ला बंद झाली. 1 डिसेंबर 1969 ला टीव्हीवर लॉटरी काढली होती, काचेच्या बरणीत निळ्या कॅप्सूल आणि प्रत्येकीत एक जन्मतारीख, पहिलीच निघाली 14 सप्टेंबर, म्हणजे त्या दिवशी जन्मलेल्या पोरांचा नंबर सगळ्यात आधी. आता असं घरबसल्या बघितल्यावर कुठला पोरगा आणि कुठली आई गप्प बसणार? 58 हजारांवर अमेरिकन सैनिक गेले त्या युद्धात.

नंतर सगळी भरती स्वेच्छेने, त्यामुळे युद्धाची झळ थोड्याच घरांना बसते, बाकीच्यांसाठी ती फक्त न्यूज. शिवाय ड्रोन आले, आपली माणसं मरत नाहीत म्हटल्यावर चर्चाही होत नाही. पैशाचंही तसंच, 1968 मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी व्हिएतनाम युद्धाच्या खर्चापायी इन्कम टॅक्सवर 10 टक्के अधिभार लावला होता, इराकच्या वेळी उलट 2003 मध्ये टॅक्स कमी केला आणि युद्ध उधारीवर चालवलं, खिशाला चटका बसलाच नाही (हे फार हुशारीचं राजकारण होतं, मानलंच पाहिजे).

आणि लोक उतरलेच नाहीत असंही नाही हां, 15 फेब्रुवारी 2003 ला इराक युद्धाच्या विरोधात जगभर लाखो लोक रस्त्यावर होते, तरी महिनाभरात बगदादवर बॉम्ब पडलेच. इतकं करून काही उपयोग होत नाही म्हटल्यावर पुढच्या वेळी कोण येणार?