विश्वास आहे, तरी मरणाची भीती का वाटते?

"पुनरुत्थानावर, म्हणजे मेलेले पुन्हा उठतील यावर, माझा विश्वास आहे, तरी मला मरणाची भीती वाटते, म्हणजे माझा विश्वास खोटा आहे का?" समुपदेशनासाठी येणाऱ्या ख्रिस्ती स्त्रीपुरुषांकडून हा प्रश्न मी वारंवार ऐकते, आणि तो विचारताना बहुतेकांचा आवाज आपोआप खाली येतो. भीतीपेक्षा त्या भीतीची लाजच त्यांना अधिक पोखरत असते. अशाच एका बाईंचा अनुभव त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून येथे मांडत आहे.

बाई निवृत्त शिक्षिका, माहेर-सासर दोन्ही नगर जिल्ह्यातले. अमेरिकन मराठी मिशनचे काम नगरला १८३१ मध्ये सुरू झाले, तेव्हापासून तेथील अनेक घराण्यांप्रमाणे त्यांच्याही घरात ख्रिस्ती विश्वास पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. पती गेल्यानंतर काही महिन्यांनी त्यांना मध्यरात्री अचानक जाग येऊ लागली. छाती धडधडे, घाम फुटे आणि आपण आत्ताच मरणार असे वाटे. अशा वेळी मी आधी डॉक्टरांकडे पाठवते, कारण हृदयाचा किंवा थायरॉइडचा विकारही नेमका असाच जाणवू शकतो आणि प्रार्थना हा ईसीजीला पर्याय नव्हे. तपासण्यांत काही निघाले नाही. डॉक्टरांनी भीतीच्या झटक्यांचे निदान करून औषध सुरू केले आणि आमचे बोलणे त्याच्या जोडीने चालू राहिले.

नातेवाइकांनी त्यांचे सांत्वन वचनांनीच केले होते, पण त्या वचनांनी त्यांचे तोंड बंद झाले होते. "ते प्रभूमध्ये निजले आहेत, रडायचं कशाला?" असे एक आत्याबाई प्रत्येक भेटीत म्हणत, आणि वर पंडिता रमाबाईंचा दाखला देत: एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये गेली, तरी रमाबाईंनी बायबलच्या भाषांतराचे काम थांबवले नाही, आणि पुढच्याच वर्षी, एप्रिल १९२२ मध्ये, त्या स्वतः प्रभूच्या घरी गेल्या. दाखला खराच आहे. मात्र रमाबाई काम करत राहिल्या म्हणून केडगावच्या आपल्या खोलीत रात्री त्या रडल्याच नसतील, हा निष्कर्ष आत्याबाईंचा होता आणि त्याला आधार काहीच नव्हता. थोर माणसांचे दाखले दुःखी माणसाला गप्प करण्यासाठी वापरले जातात, याचा मला मनस्वी राग येतो.

प्रेषित पौलाने थेस्सलनीका येथील ख्रिस्ती मंडळीला पत्रात लिहिले ते ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा खेद करू नये, असे. खेदच करू नये, असे नव्हे. तोच पौल करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात मृत्यूला शेवटचा शत्रू म्हणतो. शत्रूला पाहून धडकी भरली तर ती अश्रद्धा कशी ठरेल? मरण गोड आहे, त्याला हसत कवटाळा, अशी शिकवण आमच्या शास्त्रात मला कोठेही आढळलेली नाही. मरण पावलेल्या लाजर या मित्राला आपण आता पुन्हा जिवंत उठवणार आहोत हे ठाऊक असूनही त्याच्या कबरेकडे जाताना येशू रडला, हे योहानाने आपल्या शुभवर्तमानात नोंदवून ठेवले आहे.

हे सारे बाईंना पटत होते, परंतु रात्रीची भीती मात्र हटत नव्हती. म्हणून मी विचारले, "बाई, डोळ्यांपुढे नेमकं काय येतं?" त्या बराच वेळ पदराच्या टोकाची घडी घालत राहिल्या. मग म्हणाल्या, "ताई, काच." अतिदक्षता विभागाच्या दाराला हातभर काच होती. नळ्या लावलेले पती पलीकडे, त्या अलीकडे, आणि शेवटच्या घटकेला त्यांचा हात हाती धरायला कोणीच नव्हते. न्यायाचा दिवस किंवा नरक हा त्यांच्या भीतीचा विषयच नव्हता. भीती होती एकटीने मरण्याची. स्वर्गाच्या वर्णनांनी त्यांना दिलासा का मिळत नव्हता, ते तेव्हा उलगडले.

त्यानंतर आम्ही मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सव्विसाव्या अध्यायातील गेथशेमाने बागेचा प्रसंग सावकाश, एकेका ओळीवर थांबत वाचला. मरण समोर दिसत असताना येशू अतिशय व्याकूळ होतो, शिष्यांना आपल्याबरोबर जागे राहण्याची विनंती करतो, आणि ते झोपी जातात. बाई एकदम म्हणाल्या, "म्हणजे त्यालाही सोबत हवी होती!" पुढे त्यांनीच त्याचा अर्थ लावला: जो स्वतः त्या एकटेपणातून गेला, तो काचेच्या पलीकडे आपल्या पतीजवळ नव्हता असे मानायचे कारण नाही, आणि मी जेथे आहे तेथे तुम्हीही असावे हे योहानाच्या चौदाव्या अध्यायातील अभिवचनही मुळात सोबतीचेच आहे. तो दिलासा मी दिलेला नव्हता. मी फक्त अध्याय उघडून दिला होता.

सोबतीची मानवी बाजूही आम्ही सोडली नाही. अखेरच्या आजारात कोणी जवळ बसावे, कोणत्या उपचारांना संमती द्यावी आणि कोणत्या नको, पाळकसाहेबांना केव्हा बोलवावे, हे त्यांनी मुलीशी मोकळेपणाने बोलून एका शाळेच्या वहीत लिहून काढले. त्याच वहीत दफनविधीची भजने आली आणि खाली लाल शाईने सूचना आली: "भाषणे दोनच. आत्याबाईंचे नको." ते वाचून आम्ही दोघीही खूप हसलो.

मध्यरात्री अजूनही कधीतरी त्यांना जाग येते. तेव्हा त्या दिवा लावतात, तेविसावे स्तोत्र मोठ्याने म्हणतात आणि तरीही धडधड थांबली नाही तर बहिणीला फोन करतात. फोन करणे म्हणजे विश्वासात उणे पडणे, असे त्यांना आता वाटत नाही. त्यांच्या महिला मंडळातील दोघी-तिघींनी ती वही उतरवून घेण्यासाठी मागितली आहे. बाईंनी ती दिली, फक्त लाल शाईची ओळ तेवढी झाकून.