वाचकांचे प्रश्न : डोंगल उबंटूत दिसते, विंडोजमध्ये नाही

प्रश्न : आमची सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत पेढी आहे. संगणकावर उबंटू असून हिशेबाच्या जुन्या प्रोग्रामसाठी आम्ही व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकाच्या आत दुसरा संगणक चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) विंडोज ७ चालवतो. त्या विंडोजमध्ये इंटरनेट चालते, परंतु शेजारच्या टेबलावरील संगणकाला तिचे शेअर केलेले फोल्डर सापडत नाही. प्रोग्रामचे यूएसबी डोंगलही (प्रोग्राम चालण्यासाठी लावावी लागणारी परवान्याची किल्ली) उबंटूला दिसते, विंडोजला दिसत नाही. विंडोज नव्याने टाकावी का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : नव्याने टाकू नये, मुख्य अडचण विंडोजच्या बाहेर, व्हर्च्युअलबॉक्सच्या सेटिंगमध्ये असावी.

प्रथम विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा द्यावी. पत्ता १०.०.२.१५ आला, तर नेटवर्क 'नॅट' पद्धतीवर आहे. मागच्या खोलीतील कारकुनाने पेढीच्या नावाने पत्रे धाडली, तर उत्तरे येतात, पण बाहेरून कोणी त्याचेच नाव विचारत आले तर दाद लागत नाही. नॅटमध्ये नेमके हेच होते. म्हणून व्हर्च्युअलबॉक्सच्या नेटवर्क सेटिंगमध्ये 'ब्रिज्ड अडॅप्टर' (यात विंडोजला पेढीच्या नेटवर्कवर स्वतःचा पत्ता मिळतो) निवडून ज्या नेटवर्क कार्डाला राउटरची केबल जोडली आहे तेच खाली निवडावे. वायफायवर ब्रिज पुष्कळदा नीट चालत नाही, तेव्हा केबलच बरी. यानंतर पत्ता पेढीतील इतर संगणकांच्या मालिकेतला यायला हवा; १६९.२५४ ने सुरू होणारा आला, तर राउटरकडून पत्ता मिळालेला नाही आणि बहुधा कार्ड चुकीचे निवडले गेले आहे. पत्ता योग्य असूनही फोल्डर दिसत नसेल, तर विंडोजने हे नेटवर्क 'पब्लिक' धरले आहे का ते पाहून 'वर्क' करावे. केवळ पिंगला (दुसरा संगणक उत्तर देतो का ते पाहणाऱ्या आज्ञेला) उत्तर मिळत नाही म्हणून जोडणी तुटली असे समजू नये, कारण फायरवॉल पिंग अडवू शकते. विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट सर्वसाधारण वापरकर्त्यांसाठी १४ जानेवारी २०२० रोजी थांबले असल्याने त्या विंडोजमध्ये मेल किंवा ब्राउझर उघडू नये, हे मात्र आग्रहाने सांगावेसे वाटते.

आता डोंगल. उबंटूतील आपले खाते 'व्हीबॉक्सयूजर्स' या गटात नसेल, तर व्हर्च्युअलबॉक्सला यूएसबी उपकरणांची यादीच मिळत नाही. खाते गटात घालून संगणक पुन्हा सुरू करावा. मग विंडोज पूर्ण बंद करून (स्थिती जतन करून नव्हे) यूएसबी सेटिंगमध्ये २.० निवडावे, विंडोज ७ मध्ये यूएसबी ३.० चे ड्रायव्हर मुळात नसतात. व्हर्च्युअलबॉक्स ७.० पूर्वीचे असेल, तर २.० साठी एक्स्टेन्शन पॅक (वेगळा टाकावा लागणारा जोड-संच) लागतो आणि तो वैयक्तिक वापरासाठी मोफत असला तरी व्यवसायासाठी त्याचा परवाना घ्यावा लागतो. ७.० पासून ही सोय मूळ प्रोग्राममध्येच आल्यामुळे पेढीने नवी आवृत्ती घेणे सोयीचे. शेवटी डोंगल लावून यूएसबी सेटिंगमध्ये त्याचा फिल्टर (हे उपकरण विंडोजला द्यावे अशी नोंद) जोडावा, म्हणजे विंडोज चालू असताना ते थेट तिच्याकडे जाईल. त्या वेळी उबंटूला ते वापरता येणार नाही, कारण एक उपकरण एका वेळी दोघांना मिळत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्यावर पिवळे चिन्ह राहिले, तर विंडोज ७ साठीचा डोंगलचा ड्रायव्हर प्रोग्राम पुरवणाऱ्याकडून मागवावा.