त्र्यंबकच्या रस्त्यावर घेतलेला निळा खडा अ‍ॅझुराइट आहे का?

त्र्यंबकच्या रस्त्यावर ‘ब्रह्मगिरीचा अ‍ॅझुराइट’ (तांब्याचं निळं खनिज) म्हणून घेतलेला निळा खडा खरा का, असं तुम्ही विचारलंय. फोटोतल्या धारदार कडा आणि आरपार निळाई बघता मला तो मोरचुदाचा, म्हणजे तांब्याच्या सल्फेटचा, मुद्दाम वाढवलेला स्फटिक वाटतो. द्राक्षवाल्यांच्या शेडमध्ये पोत्यानं असतं तेच हे.

घरीच खात्री करा. ओला कापूस एका कोपऱ्यावर मिनिटभर दाबून धरा. कापूस निळा झाला तर विषय मिटला, कारण अ‍ॅझुराइट पाण्यात विरघळत नाही. तरी शंका असेल तर खड्याचा कण प्लास्टिकच्या वाटीत विरघळवून त्यात घासलेला खिळा बुडवा. लोखंड द्रावणात जातं आणि तांबं त्याच्या जागी खिळ्यावर बसतं, लालसर थर लगेच दिसतो. बोर्डो मिश्रणात (मोरचूद आणि चुन्याच्या फवारणीच्या औषधात) चुना कमी पडला का हे बघायला आपल्याकडे विळा बुडवतात, तो याच कारणानं.

मोरचूद निसर्गातही होतं बरं का. खनिज म्हणून त्याचं नाव चाल्कँथाइट, कठीणपणा मोहस मापावर दहापैकी जेमतेम २.५. तांब्याच्या सल्फाइड खनिजांना हवा-पाणी लागलं की ते तयार होतं, पण टिकतं ते खाणीतल्या बोगद्यांच्या भिंतींवर किंवा चिलीतल्या चुकीकामातासारख्या वाळवंटी जागी. त्र्यंबकच्या डोंगरात उघड्यावर ते एक आषाढसुद्धा काढणार नाही!

अ‍ॅझुराइट म्हणजे तांब्याचं कार्बोनेट. हाताला जड (घनता ३.८ च्या आसपास), कठीणपणा ३.५ ते ४, सौम्य आम्लाच्या थेंबानं फसफसतं, आणि बहुधा सोबत हिरवं मॅलाकाइट असतं. ते तांब्याच्या साठ्यांच्या वरच्या, हवा लागलेल्या थरात मिळतं. आपल्याकडे तांब्याच्या खाणी खेत्री, मलाजखंड, सिंहभूम या बाजूला. ब्रह्मगिरी नुसता बेसॉल्ट, म्हणजे लाव्हाचा काळा खडक. बेसॉल्टमधलं प्रसिद्ध निळं खनिज म्हणजे पुण्याजवळच्या वाघोलीचं कॅव्हन्साइट, पण त्याचा निळा रंग व्हॅनेडियमचा. तुमचा खडा त्यातलाही दिसत नाही.

विकणाऱ्यानं तो तांब्यात ठेवून पाणी प्यायला सांगितलं असेल तर अजिबात पिऊ नका, मोरचूद विषारी आहे. हाताळल्यावर हात धुवा, घट्ट झाकणाच्या डबीत मुलांपासून लांब ठेवा. उघडा राहिला तर एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात त्यातलं पाणी उडून वर पांढुरकी भुकटी धरेल.